रंगाला पुन्हा पुन्हा फोड येतात? खरवडण्याआधी फोडाचा तळ बघा

हाताने बनवलेल्या रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या, छोट्या मॉडेल गाड्यांबद्दल मराठवाड्यात एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. गाडी उन्हाळ्यात रंगवली, छान चकचकीत झाली, काचेच्या पेटीत ठेवली. मृग गेला, आर्द्रा गेली, काही झालं नाही. पोळ्याच्या सुमारास बघावं तर छतावर, बॉनेटच्या कडेला, दाराच्या खाचेजवळ बारीक बारीक फोड. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्यातले काही बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी वर येतात. रंग खरवडला, प्रायमर बदलला, पुण्या-मुंबईहून महागडं लॅकर मागवलं, तरी वर्षभराने तेच.

1:43 या मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या भागाएवढ्या मॉडेलवर, अर्ध्या मिलिमीटरचा फोड म्हणजे खऱ्या गाडीवर दोन सेंटिमीटरचं टेंगूळ. ते लपत नाही. शिवाय आपण ज्या गाड्यांच्या मागे असतो त्यांचं दुसरं बॉडी सहजासहजी मिळत नाही. या मॉडेलचे सुटे भाग असलेले किट मुळातच थोडे निघतात, कारण रबराचा साचा काही ओतकामांनंतर फाटायला लागतो. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी बनवलेली ‘मीरा’ ही छोटी मोटार बाजारात कधी आलीच नाही. तशी गाडी करायची तर फोटोंवरून माप काढून मूळ नमुना स्वतःच घडवावा लागतो. अशा बॉडीवर दर वर्षी पॉलिश पेपर चालवला तर तिसऱ्या वेळेला दाराच्या रेषा बुजतात आणि छताची गोलाई बदलते. म्हणून सरसकट खरवडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. फोड कशामुळे आला हे कळल्याशिवाय रंगाला हात लावू नये, आणि ते कळतं फोडाच्या तळाशी.

फोड कसा उघडायचा

मेडिकलच्या दुकानात मिळणारं नवं सर्जिकल ब्लेड घ्या. सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सहसा न दिसणाऱ्या जागेवरचा एक फोड निवडा आणि अर्धचंद्राकार चीर देऊन रंगाची चकती बिजागरीवर उघडावी तशी उचला. पूर्ण कापून टाकू नका, कारण चकतीची खालची बाजूही बघायची आहे.

हे काम पावसाळ्यातच करा, फोड ताजा असताना. डिसेंबरात उघडलेल्या फोडात पुरावा सुकून गेलेला असतो.

आता चार गोष्टी बघा. तळाशी काय दिसतं, उघडं रेझिन की प्रायमर? तळ कोरडा आहे की ओलसर? मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे का? आणि उघडताक्षणी थिनरचा वास आला का? या चार उत्तरांवरून कारण बहुतेक वेळा ठरतं.

तळ ओलसर असेल: पाण्यातले क्षार

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारं कारण हेच आहे आणि सर्वांत कमी संशय याच्यावर घेतला जातो. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे आणि बोअरचं पाणी त्याच खडकातून क्षार घेऊन वर येतं. नळाच्या तोटीवर आणि कूलरच्या जाळीवर बसणारा पांढरा थर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच पाण्याने आपण बॉडी धुतो, त्याच पाण्याच्या वाडग्यात वॉटर पेपर बुडवतो. थेंब सुकतो, क्षार तिथेच राहतात आणि वर रंग बसतो.

रंगाचा थर पाणी पूर्णपणे अडवतो असा समज आहे, तो खरा नाही. हवेतली वाफ लॅकरमधून हळूहळू आत झिरपते. क्षार मात्र बाहेर येऊ शकत नाहीत. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर त्यांना जसं पाणी सुटतं, तसंच हे काम चालतं: रंगाखालचा मिठाचा कण बाहेरचं पाणी स्वतःकडे ओढत राहतो, तिथे खारट पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो आणि तो रंगाला वर ढकलतो. मे महिन्यात हवेत ओलच नसते, म्हणून काही दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली की फोड दिसू लागतात. हवा कोरडी झाली की पाणी बाहेर जातं, मीठ जागेवरच राहतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड येण्याचं कारण हे आहे. लोखंडी पूल आणि जहाजं रंगवणाऱ्यांना हा प्रकार पक्का माहीत असतो. ते रंग लावण्याआधी पृष्ठभागावरचे क्षार मोजून घेतात.

फोडांचा आकारही बघा. ते थेंबाच्या किंवा कंकणाच्या आकारात असतील तर पाणी पुसलं न जाता जागेवर सुकलेलं आहे. बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यात असतील तर तो घाम आहे, आणि घामातही मीठच असतं. खाचांच्या कडेने रांगेत असतील तर खाचेत अडकलेलं पाणी. बुगाती टाइप 57 एससी अटलांटिकचं मॉडेल करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. मूळ गाड्या चारच बनल्या. त्यांच्या छतावरून मागपर्यंत रिव्हेट मारलेली एक उभी शिवण जाते. आधीच्या एरोलिथ या नमुना गाडीचं बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं आणि त्याला वेल्डिंग चालत नव्हतं, म्हणून पत्रे रिव्हेटने जोडले. पुढच्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियम वापरलं तरी शिवण ठेवली. ती शिवण हीच त्या गाडीची ओळख आहे, आणि मॉडेलवर तिच्या प्रत्येक रिव्हेटच्या बुडाशी पाणी थांबायला जागा आहे. तिथे कापडाने पुसून भागत नाही.

आता तळाचा रंग बघा. तळाशी उघडं रेझिन दिसलं तर क्षार पहिल्या धुण्यातून आले. तळाशी प्रायमर शाबूत असेल आणि फक्त वरचा रंग उचलला असेल, तर प्रायमर ओल्या पेपरने घासताना वाडग्यातल्या पाण्यातून आले. हा फरक फार उपयोगाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारात रेझिनपर्यंत खरवडायची गरजच नसते.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, आणा. दुकानदार अ‍ॅसिडही ठेवतो, तेव्हा डबा घेताना नीट वाचून घ्या. सुरुवातीचं साबणाचं धुणं नळाच्या पाण्याने केलं तरी चालेल, पण शेवटच्या दोन खंगाळण्या या पाण्याच्या हव्यात आणि ओला पेपर चालवताना वाडग्यातही हेच पाणी हवं. मग कॉम्प्रेसरच्या हवेने खाचांतलं पाणी उडवा. सुकायची वाट बघू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचतं, तेव्हा आधी खालचा नळ सोडून ते काढा, नाहीतर एका बाजूने वाळवायचं आणि दुसऱ्या बाजूने तुषार मारायचे असं होतं. यानंतर बॉडीला उघडा हात लागता कामा नये.

इथे दोन गैरसमज आड येतात. पहिला, सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला आहे म्हणून पाणी चांगलं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. साबणाला फेस येतो, तोटीवर थर बसत नाही, पण क्षारांचं एकूण प्रमाण कमी होत नाही. उलट सोडियमचे क्षार सहज विरघळणारे असतात आणि फोड आणायला विरघळणारं मीठच लागतं. दुसरा, आरओचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी. नळाच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. ओळखायचं असेल तर काचेच्या पट्टीवर एक थेंब सुकू द्या आणि पट्टी काळ्या कागदावर धरा. पांढरं कडं दिसलं की ते पाणी शेवटच्या धुण्यासाठी नको.

आणि कूलर. उन्हाळ्यात कामाच्या खोलीत कूलर असतोच, आणि तो नुसती गार हवा देत नाही, समोर बारीक शिंतोडेही फेकतो. तेही त्याच बोअरच्या पाण्याचे, शिवाय दिवसभर उडून उडून टाकीत क्षार वाढलेले. धुतलेली बॉडी कूलरच्या झोतात वाळत ठेवणं म्हणजे केलेलं धुणं वाया घालवणं. रंग मारतानाही तो बंदच हवा, कारण त्या ओल्या हवेत लॅकरवर भर मे महिन्यातसुद्धा पांढरट झाक येते.

मधोमध छिद्र असेल: रेझिनमधली हवा

हे फोड बहुधा एकेकटे आणि गोल असतात. पावसाळ्याची वाट बघत नाहीत. रंगवल्यानंतर काही तासांत किंवा पहिल्या कडक उन्हात येतात. तळ कोरडा असतो आणि भिंगाखाली छिद्र स्पष्ट दिसतं.

याचं मूळ ओतकामात आहे. पॉलियुरेथेन रेझिनच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असतं. त्याला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो वायू घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बाटलीतून ओतलेली बॉडी बाहेरून नीटस दिसते आणि आतून चाळण असते. घरी ओतकाम करणाऱ्यांनी ते मार्च ते मे या काळात उरकावं असं मला ठामपणे वाटतं. आपली कोरडी हवा या कामाला उत्तम आहे. उकाड्यात रेझिन लवकर घट्ट होतं, तेव्हा एका वेळी थोडंच कालवा आणि पहाटेच्या गारव्यात ओता.

रंगाचं मात्र उलट आहे. ऊन टाळायचं म्हणून पुष्कळजण पहाटे प्रायमर मारतात. पहाटे 25 अंशाला मारलेला थर अजून ओला-मऊ असतो आणि दुपारपर्यंत पत्र्याच्या खोलीत पारा 42 वर जातो. एवढ्या वाढीने छिद्रातली हवा सुमारे 6 टक्के फुगते आणि मऊ थराला वर ढकलते. प्रायमर दिवस मावळल्यावर मारा. तापमान उतरत असताना छिद्रातली हवा आकसते आणि प्रायमर आत ओढला जातो.

छिद्र सापडलं की नुसतं रंगाने बुजवू नका. सुईने त्याचं तोंड मोठं करा, आतली पोकळी मोकळी करा, मग फेविक्विकसारखा गोंद किंवा लांबी भरून घासा. तरीही तिथेच फोड येत असेल तर आत मोठी पोकळी आहे. अशा वेळी बाहेरून उकरत बसण्यापेक्षा बॉडीच्या आतल्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने पोकळीपर्यंत भोक पाडा. हवेला खालून वाट मिळते आणि बाहेरचा पृष्ठभाग तसाच राहतो.

थिनरचा वास आला तर

बारीक पुरळ, सगळीकडे, विशेषतः जिथे रंग जाड साचला आहे तिथे. उष्ण हवेत झटपट वाळणारं थिनर वापरलं की वरची साय आधी धरते आणि खालचं थिनर कोंडलं जातं. नंतर उन्हात ते वाट शोधतं.

हा त्रास पिवळ्या आणि लाल रंगांना जास्त होतो, कारण ते झाकत नाहीत आणि आपण हातावर हात मारत जातो. आपल्या भागात निजामाच्या 1912 सालच्या पिवळ्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टचं मॉडेल करायची हौस असणारे बरेच आहेत, आणि ते साहजिक आहे. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता आणि ती गाडी आजही हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात बघता येते. बार्कर कंपनीने बांधलेल्या त्या बॉडीचा पिवळा करड्या प्रायमरवर चढवायला गेलात तर थर जाड होणारच. आधी पांढरं अस्तर पूर्ण झाकेल असं मारा, मग पिवळ्याचे हात कमी आणि पातळ लागतील. लालसाठी गुलाबी अस्तर. थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे वाळणं मंद करणारं द्रव्य, घाला. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मिळतो. दोन हातांमधला वेळ घड्याळावर ठरवू नका. मॉडेलवर तासभर डबा उपडा घाला, उचलून वास घ्या. थिनर जाणवलं तर पुढचा हात मारायचा नाही. गाडी उन्हात वाळवणं तर कधीच नको. रेझिन मऊ पडून छताचे खांब वाकतात ते वेगळंच.

टू-के क्लिअरमध्येही, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या पारदर्शक लॅकरमध्येही, आयसोसायनेट असतं. साधा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. बंद खोलीत, घरात लहान मुलं असताना ते मारूच नका.

गुळगुळीत तळ आणि सालपटं

तळ कोरडा, रेझिन चकचकीत, आणि रंग पापुद्र्यासारखा सलग सुटतो. हे साच्यातून सुटण्यासाठी मारलेल्या सिलिकॉनचं काम. भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासा, 600 नंबरच्या पेपरने चमक घालवा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. बस.

करडी-पांढरी भुकटी दिसली तर

हा प्रकार व्हाइटमेटलच्या, म्हणजे मॉडेलचे भाग ओतायच्या मऊ मिश्रधातूच्या, बॉडीचा, बंपरचा किंवा जाळीचा. रंगाखाली फोड नसून धातूच खाल्ला जात आहे. जुन्या व्हाइटमेटलमध्ये शिसं असतं आणि शिशाला अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोसत नाही. ती वाफ येते कुठून? आपण हौसेने करून घेतलेल्या शोकेसमधून. प्लायवूड आणि एमडीएफ ती सोडतात, आणि काच चिकटवायला वापरलेलं नेहमीचं सिलिकॉन वाळताना जो व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याच आम्लाचा. सुताराला न्यूट्रल सिलिकॉन वापरायला सांगा आणि मॉडेल ठेवण्याआधी शोकेस महिनाभर उघडी राहू द्या. भुकटी उडवू नका, ओल्या कापडाने टिपा, हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. ती विषारी आहे.

जस्ताच्या ओतकामातली जुनी मॉडेलं तडकून विस्कटत असतील तर तो मिश्रधातूतल्या अशुद्धीचा रोग आहे. त्याला उपचार नाही. गाडी कोरड्या जागी ठेवून ऱ्हास मंद करणं एवढंच हातात आहे.

रंग काढायचाच झाला तर

क्षारांचे फोड भरपूर असतील तर वरून डागडुजी टिकत नाही, रंग उतरवावाच लागतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बॉडी बुडवू नका. रेझिन ते शोषून घेतं, फुगतं आणि पुढच्या रंगाखाली महिनोन्‌महिने सोडत राहतं; म्हणजे एका कारणाचा फोड घालवून दुसऱ्या कारणाचा ओढवून घेतला. ॲक्रिलिक लॅकर असेल तर आयपीएत भिजवून मऊ ब्रशने निघतं. आधी आतल्या बाजूला थोडं लावून बघा आणि आसपास आग नको. टू-के असेल तर ते आयपीएला दाद देत नाही, तिथे संयमाने घासणंच आलं. रंग निघाल्यावर बॉडी हवेशीर जागी आठवडाभर तरी राहू द्या, मग बॅटरीच्या पाण्याने धुवा.

नव्या रंगाआधी किटबरोबर आलेल्या टाकाऊ रेझिनच्या तुकड्यावर चाचणी घ्या. तुकड्याचा अर्धा भाग नळाच्या पाण्याने धुवून तसाच सुकू द्या, अर्धा बॅटरीच्या पाण्याने धुवून हवेने उडवा. दोन्हींवर गाडीवर मारणार तेच प्रायमर, तोच रंग, तेच लॅकर मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग झाकणाच्या डब्यात ओलं फडकं ठेवून, तुकडा फडक्याला न टेकता, आठ-पंधरा दिवस बंद ठेवा. पोळ्यापर्यंत थांबायची गरज पडत नाही. नळाच्या बाजूला फोड आणि दुसरी बाजू स्वच्छ, तर दोष पाण्याचा आहे आणि रंग बदलायचं कारण नाही. दोन्हीकडे फोड आले तर ते उघडून तळ बघा. दोन्ही बाजू स्वच्छ राहिल्या आणि गाडीवर मात्र फोड येत असतील, तर गाडीची बॉडी उजेडासमोर धरून आतून तपासा आणि ड्रिल हातात घ्या.